आठात किती ढग

३ फेब्रुवारी

आज सुतारपक्ष्याकडे जाऊन आले. सुतारपक्षी म्हणजे दवाखान्यातलं चुंबकाचं यंत्र. डोक्याच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या जरा वर, ते टकटक करत बसतं. कानात बोळे घातले तरी ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी मी चार महिने अंथरुणातून उठले नव्हते. गोळ्या तीन प्रकारच्या झाल्या. एकीने वजन वाढलं, एकीने तोंड सुकलं, तिसरीने काहीच केलं नाही. मग सहा आठवडे रोज हा पक्षी डोक्यावर बसवला आणि एके दिवशी मला भूक लागली. एवढंच झालं. ह्यांनी त्या दिवशी चार अंडी उकडली, चारही मला वाढली.

आता ते मनाचं दुखणं परतून येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा जायचं. ह्याला मेंटेनन्स म्हणतात. आमच्या इमारतीच्या लिफ्टचंही असतं. तरी लिफ्ट बंद पडतेच, पण हे मी तिथे बोलले नाही.

यंत्रावरच्या मुलीला मी टोपीवाली म्हणते, कारण ती आधी खुणा केलेली टोपी डोक्यावर चढवून जागा शोधते. कानातलं आणि केसांतल्या पिना काढून बशीत ठेवायच्या.

"मावशी, हलू नका हं."

"हलले तर काय होईल?"

"काही नाही. मला परत मोजावं लागेल. माझा चहा गार होईल."

त्याआधी एक कागद भरायचा असतो. नऊ प्रश्न. झोप, भूक, उत्साह, स्वतःबद्दल काय वाटतं, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन, आणि जितके कमी तितकं चांगलं. मला सत्तावीसपैकी दोन पडले. कमी मार्कांबद्दल कौतुक होण्याची सवय अजून झालेली नाही, पण डॉक्टरीणबाई खूश झाल्या.

"छान आहे की. पुढची पाळी सहा आठवड्यांनी करून बघू. किती अंतर ठेवायचं ह्याचा पक्का नियम अजून कुणाकडेच नाही. तुम्ही जे सांगाल त्यावर आमचं गणित."

मी म्हटलं, मी अगदी मजेत आहे. आणि होतेही. येताना धो धो अवकाळी पाऊस लागला, छत्री उलटी झाली, आणि मी रस्त्यात उभी राहून हसत होते. हे दुसरीकडे बघत उभे राहिले.

५ फेब्रुवारी

रोज दोन ओळी लिहा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी चार ओळींची वही घेतली, शाळेत अक्षर वळवायला असते ती. मधल्या दोन ओळींत अंग, वरच्या ओळीत डोकं, खालच्या ओळीत पाय. अजून एकही पाय बाहेर गेलेला नाही.

सकाळी ह्यांच्याशी टॉवेलवरून वाजलं. अंघोळ झाली की ओला टॉवेल स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर. लग्न झाल्यापासून सांगतेय. आज म्हटलं, "अहो, खुर्चीला अंघोळ घालायची असेल तर साबणही लावा." हे उलट खुशीत दिसले. माणूस म्हातारा होतो तसा निगरगट्टही होतो.

संध्याकाळच्या चहानंतर ह्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्तुळ काढलं. पस्तीस वर्षं हवामान खात्यात निरीक्षक होते. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते बघायचं आणि वर्तुळ तेवढं काळं करायचं. रिकामं वर्तुळ म्हणजे निरभ्र. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हाताची खाज जात नाही, म्हणून दोन वर्षांपासून घरच्या कॅलेंडरात चालू केलंय. मी काही म्हणत नाही. कुणी पत्ते खेळतं, कुणी वर्तुळं काढतं.

फक्त परवाच्या चौकोनात वर्तुळ रिकामं आहे. परवा मुसळधार पाऊस होता.

१२ फेब्रुवारी

शाळेचं काम आलं. बक्षीस समारंभाची एकशे चाळीस प्रमाणपत्रं, प्रत्येकावर बोरूने नाव घालायचं. मी अक्षर शिकवत होते तेव्हापासून हे काम माझंच. हल्ली यंत्रावर छापून मिळतं, पण मुख्याध्यापिका माझी विद्यार्थिनी. तिला वाटतं हाताने लिहिलेलं नाव मुलं जपून ठेवतात. एप्रिलअखेर द्यायची आहेत. रोज चार केली तरी वेळेआधी संपतील.

शाईच्या वासाने कॉन्व्हेंट आठवलं. वसतिगृहात सकाळी साडेसहाला घंटा, पलंगापाशी ओळ. मोठ्या सिस्टर एका टोकापासून विचारत यायच्या, कशी आहेस? आम्ही म्हणायचं, बरी आहे, थँक यू, सिस्टर. दुसरं उत्तर नव्हतंच. आमच्या वर्गात एक घाऱ्या डोळ्यांची मुलगी होती. तिने एकदा तसंच म्हटलं आणि प्रार्थनेला जाताना दाराशी कोसळली. एकशे तीन ताप निघाला. सिस्टरनी तिचं उदाहरण आम्हांला वर्षभर दिलं. मला अजूनही तिचं कौतुक वाटतं. हल्लीच्या मुलांना शिंक आली तरी सुट्टी लागते.

१७ मार्च

सुतारपक्षी. ह्या वेळी नऊ प्रश्नांत मिळून एकच पडला, तोही झोपेचा. तिथे शून्य लिहिलं असतं तर खोटं दिसलं असतं.

बाहेरच्या बाकावर एक निवृत्त बस ड्रायव्हर भेटतात. तेही मेंटेनन्सवाले. त्यांनी माझा कागद बिनदिक्कत वाकून पाहिला. लहानपणी असं कुणी केलं असतं तर मी बाईंना सांगितलं असतं.

"सगळीकडे शून्य? बाई, मग गॅरेजात कशाला आलात?"

"पुढे बिघडू नये म्हणून."

"ते ठीक. पण मेकॅनिकला आवाज येतो का नाही ते खरं सांगावं. तो काही गाडीत बसून फिरत नाही. फिरतो आपण."

"माझ्या गाडीला आवाज नाही."

"मग नशीबवान आहात," म्हणाले, आणि स्वतःच्या कागदावर दोन, दोन, तीन असं ठणठणीत लिहून मोकळे झाले. अक्षर अगदीच वाईट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दोन महिन्यांनी या. १९ मे. मला वर्गात पहिलं आल्यासारखं वाटलं.

येताना ह्यांनी विचारलं, "कागदावर काय लिहिलंस?"

"जे आहे ते."

"हं," म्हणाले. घरी आल्यावर वर्तुळाचे तीन भाग काळे केले. दिवसभर आकाशात कापसाचं बोंडही नव्हतं.

३० मार्च

प्रमाणपत्रं ५२. पहाटे चारला जाग येते, मग झोप नाही. वय झालं की झोप कमी लागते असं सगळे म्हणतात. पडल्या पडल्या छताकडे बघते. छताला तडा आहे, त्याचा आकार कशासारखाच नाही.

ह्यांच्या डोळ्यांचं बघायला हवं. लख्ख ऊन, आणि वर्तुळ अर्धं काळं.

९ एप्रिल

लेकीचा फोन वाजत होता. घेतला नाही. परत वाजला. तिला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि तिचं ऐकून कान दुखतात. ह्यांनी घेतला. दाराआड जाऊन बराच वेळ बोलले. बापलेकीचं गूळपीठ आहे, मला बरंच आहे.

बोरू बिघडलाय. अक्षरांचे पाय ओळीखाली जातात. नवा आणायला हवा, पण दुकान लांब आहे. चौकापर्यंत चालत जायचं, मग रस्ता ओलांडायचा.

प्रमाणपत्रं ६१.

१९ एप्रिल

शाळेतून शिपाई आला, झालेली घेऊन गेला. दुपारी मुख्याध्यापिकेचा फोन. "बाई, चुकून झालं असेल, पण एकाच मुलीचं नाव चार प्रमाणपत्रांवर आलंय." मी म्हटलं, हुशार असेल. ती हसली, मग म्हणाली, "उरलेली आम्ही छापून घेऊ का? तुम्हांला त्रास नको." मी म्हटलं, घ्या.

फोन ठेवल्यावर हायसं वाटलं. नवा बोरू आता आणायला नको.

२१ एप्रिल

ओला टॉवेल खुर्चीवर. बघितला. शब्द तोंडापर्यंत आणायला जिने चढावे लागले असते. जाऊ दे म्हटलं.

हे दारात उभे. टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल उचलून माझ्या समोरच्या खुर्चीवर ठेवला, नीट पसरून, पाणी टपकेल असा. परत बघत उभे. मी दुसऱ्या खोलीत गेले.

डोळ्यांचं नाही, ह्यांच्या डोक्याचंच काही असेल का? आज वर्तुळात सहा भाग काळे. ऊन एवढं की पडदे ओढावे लागले. तसे पडदे मी हल्ली ओढलेलेच ठेवते.

२५ एप्रिल

ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्यात ताकद नव्हती, पण कुणाचं काही राहून गेलं आणि आपण नुसते बघत बसलो, असं नको व्हायला.

ह्यांनी तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचल्या. मग तळाशी छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, माझ्यापेक्षा बरे डोळे आहेत. तक्रार काय आहे?"

हे म्हणाले, "माझी नाही. हिची आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आकाश स्वच्छ असताना ह्यांना ढग दिसतात. डॉक्टरांनी परत डोळ्यांत उजेड मारला आणि काही नाही म्हणाले.

येताना विचारलं, "अहो, खरं सांगा. काल ढग होते?"

"होते."

"मला नाही दिसले."

"निरीक्षकाने नोंद करायची. मत द्यायचं नाही," हे म्हणाले. माझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत काहीच नव्हतं.

२ मे

वही दिसली म्हणून.

८ मे

१९ तारखेची पाळी रद्द केली. त्या खुर्चीवर बसायला खरी आजारी माणसं रांगेत असतील. मी दर वेळी एकदोन मार्क मिळवते आणि तरी जागा अडवते, हे बरं नाही. टोपीवालीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, नक्की ना? बऱ्या आहात ना?"

म्हटलं, बरी आहे, थँक यू.

तोंडातून 'सिस्टर' पण निघणार होतं. बसून राहिले. बरं, एक काम कमी झालं. अजून काय काय रद्द करता येईल ते बघायला हवं.

१० मे

भिंतीवर कॅलेंडर नाही. खिळा आहे. खिळ्याभोवती कॅलेंडराएवढा पांढरा चौकोन आहे. बाकीची भिंत इतकी पिवळी झालीय हे कळलंच नव्हतं.

हे सकाळपासून बाहेर आहेत. चालायला जातो म्हणाले, काखेत गुंडाळी होती.

११ मे

आज हे लिहायला एक तास लागतोय, पण लिहिते.

सकाळी हे म्हणाले, चल, माझ्याबरोबर यायचंय. म्हटलं, डोळ्यांच्या? म्हणाले, नाही. रिक्षातून उतरल्यावर कळलं, सुतारपक्ष्याचा दवाखाना.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आमचं कॅलेंडर पसरलं होतं, कोपऱ्यांवर पेपरवेट. शेजारी माझे नऊ प्रश्नांचे कागद. मला आधी शरम वाटली ती ही, की मार्चच्या पानावर डाळीचा डाग होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुमचा कागद आणि ही वर्तुळं जुळतात. मार्चपासून जुळत नाहीत. कागद शून्याकडे जातो आणि वर्तुळं काळी होत जातात."

मी म्हटलं, "ह्यांच्या डोळ्यांना काही नाही. आम्ही तपासून घेतलंय."

मग त्यांनी ह्यांना विचारलं, "काका, ही नोंद नेमकी कुठली?"

"स्वयंपाकघराची," हे म्हणाले. "वेळ संध्याकाळचा चहा. खिडकीतून नाही. टेबलापलीकडे बघून."

मी फेब्रुवारीचं पान जवळ ओढलं. तीन तारीख, पाऊस, छत्री उलटी. वर्तुळ रिकामं. पाच तारीख, टॉवेल, साबण. रिकामं. पुढची पानं मी उलटली नाहीत. मला पाठ होती.

"आणि तो टॉवेल?" मी विचारलं.

"आधी सवय होती," हे म्हणाले. "गेली दोन वर्षं उपकरण आहे. मोजायला काहीतरी लागतं. तू ओरडलीस की आकाश मोकळं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"विचारत होतो की. तू म्हणायचीस, बरी आहे."

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. नऊ प्रश्न. मी पेन घेतलं आणि पहिल्याला शून्य लिहिलं. हाताने आपोआप लिहिलं, वळणदार. मग ती घाऱ्या डोळ्यांची मुलगी आठवली. तिला उचलून नेताना तिचा एक बूट दाराशी राहिला होता, आणि आम्ही सगळ्या ओळ न मोडता त्याच्या बाजूने गेलो होतो. हे इतकी वर्षं मला आठवलं नव्हतं. कौतुक तेवढं आठवत होतं.

शून्यावर काट मारली. माझ्या कागदावर काट कधी नसते. वर तीन लिहिले. मग खाली खाली लिहीत गेले, ड्रायव्हरांसारखं, दोन, तीन, तीन. नवव्या प्रश्नात, जगण्यापेक्षा नसलेलं बरं असं वाटतं का, असं विचारलेलं असतं. तिथे मी एक लिहिला. लिहिताना दुसरा हात आडवा धरला होता, परीक्षेत धरतात तसा. डॉक्टरीणबाई सोडून खोलीत कुणी नव्हतं.

एकूण एकोणीस.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा बेरीज करून पाहिली. नवव्या प्रश्नावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो, ते इथे उतरवत नाही. गोळ्यांचा डबा आजपासून ह्यांच्या कपाटात राहील. असं परत वाटलं तर ह्यांना उठवायचं, डॉक्टरीणबाईंना फोन करायचा, असं कबूल करून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आजचा कागद सगळ्यांत चांगला आहे."

इतक्या वाईट मार्कांना हे कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा आलं. टोपीवालीने आत येऊन बोळ्यांच्या कापसाचाच एक पुंजका पुढे केला.

उद्यापासून तीन आठवडे रोज. मग अंतर हळूहळू वाढवायचं, पण महिन्यापलीकडे नाही.

१९ मे

सहा वेळा झालं. काही फरक नाही. डोकं मात्र दुखतं, टोपीच्या खुणेपाशी. ड्रायव्हर बाकावर होते. म्हणाले, "आवाज आला वाटतं गाडीतून."

"आला."

"बरं झालं. बिनआवाजाची गाडी वाईट. एकदम घाटातच थांबते."

२८ मे

लेकीचा फोन घेतला. ती म्हणाली, "आई, बाबा मला रोज कळवत होते. आज पाच, आज सहा. मला वाटायचं ढगांचंच सांगतायत. मी म्हणायची, मग छत्री घ्या."

म्हणजे लेकीची अक्कल माझ्यावरच गेलीय. हे लिहिताना जरासं हसू आलं. किती आलं ते सांगता येणार नाही, पण आलं.

९ जून

पहाटे साडेपाचपर्यंत झोपले. उठल्यावर टोस्ट खाल्ला आणि दुसरा मागितला. हे तव्याकडे असे धावले की हात भाजून घेतला.

शाळेच्या समारंभाचे फोटो मुख्याध्यापिकेने पाठवले. छापलेली प्रमाणपत्रं आणि माझी, लांबून एकसारखीच दिसतात. चार प्रमाणपत्रांवाली मुलगी सापडली. तिने म्हणे चारही ठेवून घेतलीत.

संध्याकाळी चहाला बसलो. माझ्या खुर्चीवर ओला टॉवेल. मी म्हटलं, "अहो, हे उपकरण आता वाळत घाला. माझ्या पाठीला न्यूमोनिया होईल."

हे पेन्सिल घेऊन लगबगीने कॅलेंडरापाशी गेले. रिकामं वर्तुळ काढणार, हे मला इथून कळलं.

"थांबा," मी म्हटलं. "पेन्सिल इकडे द्या."

दिली. नीट विचार केला. सकाळची झोप, टोस्ट, टॉवेल, हे एका बाजूला. दुपारी दोन तास भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा हे बाजारात गेले होते. वर्तुळाचा अर्धा भाग काळा केला, कडा न चुकता.

"चार?" हे म्हणाले. "मला एवढे दिसले नाहीत."

"तुम्ही बाहेरून बघताय."

ह्यांनी वाकून वर्तुळ पाहिलं. पस्तीस वर्षांत त्यांच्या नोंदीत कुणी हात घातला नव्हता. मग खिशातून खोडरबर काढलं, टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "उद्यापासून तूच काढ. मी तपासेन."

टॉवेल अजून खुर्चीवरच आहे.